तोच जंतू, तोच वॉर्ड, मग सेप्सिस एकालाच का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी जो सिनॉप्सिस लिहिला, त्याच्या शीर्षकात 'सेप्सिसला कारणीभूत जनुकीय फरक' असे शब्द होते. मला ते फार भारी वाटले होते. समितीसमोर वीस स्लाइड्स दाखवून झाल्या आणि एका ज्येष्ठ मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "तुझे कंट्रोल कोण?"

मी म्हटलं, "निरोगी व्यक्ती, मॅडम. रक्तदान शिबिरातून घेणार."

"म्हणजे ज्यांना साधा न्यूमोनियासुद्धा झालेला नाही असे लोक. मग तुला जो फरक सापडेल तो कशाचा? न्यूमोनिया होण्याचा, न्यूमोनियातून सेप्सिसमध्ये जाण्याचा, की सेप्सिस झाल्यावर आयसीयूपर्यंत जिवंत पोचण्याचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस परत आला आणि सहा महिने त्यात गेले. त्या सहा महिन्यांत जे वाचलं ते आज लिहिते आहे, कारण गेल्या काही दिवसांत तुमच्यापैकी दोघांनी मला मेलवर जवळपास तोच सिनॉप्सिस वाचायला पाठवला आहे!

आधी सेप्सिस म्हणजे काय ते स्पष्ट करू. आपल्याकडे जखम चिघळली की 'सेप्टिक झालं' म्हणतात, आणि पेशंट गंभीर झाला की 'अंगात विष भिनलं' म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेतला सेप्सिस या दोन्हींहून वेगळा आहे. २०१६ साली ठरलेल्या व्याख्येनुसार, संसर्गाला शरीरानं दिलेला प्रतिसाद बिघडतो आणि त्यामुळे जीवावर बेतेल इतपत अवयव निकामी होऊ लागतात, तेव्हा त्याला सेप्सिस म्हणायचं. व्याख्येत भर जंतूवर नसून शरीराच्या प्रतिसादावर आहे. जंतू सुरुवात करतो, पण मूत्रपिंडं, फुप्फुसं, रक्तदाब यांचं जे नुकसान होतं त्यात आपल्याच प्रतिकारयंत्रणेचा मोठा हात असतो. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज लॅन्सेटमध्ये आला होता. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागे साधारण एक.

आता साखळी बघा. जंतू अंगावर किंवा घशात बसतो. तो आत शिरतो. संसर्ग मूळ धरतो. शरीराचा प्रतिसाद बिघडतो. अवयव बंद पडू लागतात. मग माणूस वाचतो किंवा जातो. या प्रत्येक पायरीवर वेगळी जनुकं कामाला असतात, आणि एका पायरीवर फायद्याचा ठरणारा फरक पुढच्या पायरीवर घातक ठरू शकतो. 'सेप्सिसचं जनुक कोणतं?' हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे. मॅडमना तेच म्हणायचं होतं.

पण मुळात आनुवंशिकतेचा यात काही हात असतो का? 'हा तर संसर्ग आहे, जंतू भेटला की झाला' असं कुणी म्हटलं तर काय दाखवायचं? इथे मला सर्वात आवडणारा अभ्यास डेन्मार्कचा आहे. १९८८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये सोरेन्सन आणि सहकाऱ्यांनी दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास छापला. १९२४ ते १९२६ या काळात जन्मलेली आणि लहानपणीच नात्याबाहेर दत्तक दिलेली मुलं. सुमारे ९६० कुटुंबं. डेन्मार्कमध्ये नोंदी इतक्या चोख की जन्मदाते आणि दत्तक पालक, दोघांच्याही मृत्यूची कारणं सापडली. जन्मदात्यांपैकी कुणी पन्नाशीच्या आत संसर्गानं गेलं असेल, तर त्या मुलाचा संसर्गानं अकाली मृत्यू होण्याचा धोका जवळपास ५.८ पट दिसला. दत्तक पालक संसर्गानं गेले असतील तर मात्र धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे ज्यांच्यासोबत एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो, त्यांच्याशी संबंध नाही, आणि ज्यांना कधी पाहिलंही नाही त्यांच्याशी आहे! कॅन्सरच्या बाबतीत तर चित्र बरोबर उलटं होतं. तिथे धोका दत्तक पालकांच्या अकाली मृत्यूशी जोडलेला निघाला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच होते. मग गाईडनी कॉन्फिडन्स इंटरव्हल वाचायला लावला: २.४७ ते १३.७. एवढी रुंद रेंज म्हणजे त्या गटात प्रत्यक्ष मृत्यू मोजकेच होते. धोका वाढतो हे पटण्यासारखं आहे, पण ५.८ हा आकडा पाठ करून मिरवण्यासारखा नाही. शिवाय जन्मदाती आई जनुकांसोबत नऊ महिन्यांचं गर्भाशयही देते, हे या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. आणि इथे मोजलाय तो संसर्गानं झालेला मृत्यू. सेप्सिस हा शब्द आजच्या अर्थानं त्यात नाही. एवढं सगळं वजा करूनही हा अभ्यास उभा राहतो, असं माझं मत आहे.

आता प्रयोगशाळेकडे वळू. सी३एच/एचईजे नावाची उंदरांची एक जात आहे. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य आवरणात लायपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस असतं. साध्या उंदराला ते पुरेशा प्रमाणात टोचलं की तो शॉकमध्ये जाऊन मरतो. या जातीचे उंदीर मरत नाहीत. १९६०च्या दशकापासून हे माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटानं दाखवलं की या उंदरांच्या टीएलआर४ या जनुकात एकच अक्षर बदललेलं आहे. प्रथिनात ७१२ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन येतं, आणि एलपीएस ओळखणारा रिसेप्टर मुका होतो. २०११ च्या नोबेलमध्ये बॉयटलर यांचा वाटा होता, त्यामागे हे काम आहे.

तर हे उंदीर सेप्सिसपासून सुरक्षित म्हणायचे का? एलपीएसऐवजी त्यांना जिवंत साल्मोनेला द्या. जे जंतू साधा उंदीर आवरू शकतो, तेवढ्यानंच हे उंदीर मरतात. घंटाच वाजत नाही, मग पोलीस येणार कुठून? टोचलेल्या विषापासून वाचवणारा फरक जिवंत जंतूसमोर जीव घेतो. सेप्सिसच्या जनुकशास्त्रातली अर्धी गोम या एका उंदरात आहे.

ही गोम न पाळल्याची किंमत औषधांनीही मोजली आहे. टीएलआर४ दाबणारं एरिटोरन नावाचं औषध बनवलं गेलं. सुमारे दोन हजार पेशंटवर मोठी चाचणी झाली आणि २०१३ मध्ये निकाल आला: मृत्यूच्या प्रमाणात फरक नाही. एका औषधाच्या अपयशाला दहा कारणं असतात, तेव्हा सगळं खापर या एका गोष्टीवर फोडत नाही. पण पेशंट आयसीयूत पोचतो तेव्हा ती घंटा वाजून बराच वेळ गेलेला असतो, आणि कुणाची घंटा जास्त वाजतेय, कुणाची कमी, हे न बघता सगळ्यांना एकच औषध दिलं गेलं, हेही खरं.

माणसांमध्ये एका जनुकानं सगळं चित्र बदलतं, अशी उदाहरणं दुर्मीळ आहेत, पण फार शिकवून जातात. टीएलआरकडून आलेला संदेश पेशीच्या आत पोचवणारी दोन प्रथिनं म्हणजे मायडी८८ आणि आयआरएके४. जाँ-लोराँ कासानोव्हा यांच्या गटानं २००३ मध्ये आयआरएके४ची आणि २००८ मध्ये मायडी८८ची कमतरता असलेली मुलं शोधली. या मुलांना न्यूमोकॉकस आणि काही थोड्याच जिवाणूंचे जीवघेणे संसर्ग वारंवार होतात. विषाणू, बुरशी वगैरेंशी बहुतेक जण नीट लढतात. फसवणारी गोष्ट अशी, की ताप उशिरा किंवा कमी येतो आणि सीआरपीही सुरुवातीला फारशी चढत नाही. मूल गंभीर असतं आणि रिपोर्ट शांत असतो. लहानपणी यातली कितीतरी मुलं दगावतात, पण जी मोठी होतात त्यांचे संसर्ग किशोरवयापासून कमी होत जातात. जनुक तेच, माणूस तोच, फक्त वय बदललं. मोठ्यांच्या आयसीयूत हे जनुक शोधायला गेलात तर बहुधा हाती काही लागणार नाही, आणि तुम्ही लिहाल 'संबंध आढळला नाही'.

दुसरं उदाहरण कॉम्प्लिमेंटचं. सी५ ते सी९ ही प्रथिनं मिळून जिवाणूच्या आवरणाला भोक पाडतात. यातलं एखादं जन्मतः नसेल, तर मेनिंगोकॉकसचा संसर्ग होण्याचा धोका हजार पटींच्या घरात जातो, आणि तो पुन्हा पुन्हा होतो. पण या लोकांमध्ये प्रत्येक संसर्गामागे मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळलं आहे! होण्याचा धोका प्रचंड, मरण्याचा कमी. हे वाचल्यावर मी माझ्या जुन्या शीर्षकाकडे बघितलं. 'कारणीभूत'. कशाला कारणीभूत?

आता आपल्यापैकी बहुतेकांना ज्याचा मोह होतो त्याकडे येते: सर्वसामान्य लोकसंख्येत आढळणारे छोटे फरक, म्हणजे एसएनपी. प्राइमर स्वस्त, पीसीआर प्रत्येक लॅबमध्ये असतो, शंभर सॅम्पल जमले की पेपर. टीएनएफ या जनुकाच्या आधी, उणे ३०८ या जागी एक प्रसिद्ध एसएनपी आहे. १९९९ मध्ये फ्रान्समधल्या एका अभ्यासात सेप्टिक शॉकचे ८९ पेशंट आणि ८७ निरोगी लोक घेतले होते. 'टीएनएफ२' हे रूप पेशंटमध्ये ३९ टक्के आणि निरोगी गटात १८ टक्के सापडलं. जर्नल मोठं, निकाल ठळक. त्यानंतर जगभर हाच एसएनपी तपासला गेला. कुठे संबंध दिसला, कुठे अजिबात नाही.

का? एक तर दोन्ही गट शंभराच्या आतले. इतक्या लहान सॅम्पलमध्ये ठळक दिसलेला परिणाम पुढे बहुधा आकसतो. दुसरं, टीएनएफ सहाव्या गुणसूत्रावर एचएलएच्या गजबजलेल्या वस्तीत राहतं. तिथली रूपं शेजाऱ्यांसकट एकगठ्ठा वारशानं येतात, त्यामुळे दोषी टीएनएफ आहे की शेजारचं घर, हे एका एसएनपीवरून कळत नाही. तिसरं म्हणजे कंट्रोल. निरोगी लोक! मी करणार होते तेच. आणि आपल्याकडे चौथी अडचण फार मोठी आहे. भारतात जातीजमातींमध्ये शतकानुशतकं आपापसांत लग्नं झाल्यामुळे जनुकीय रूपांचं प्रमाण समाजागणिक बदलतं. पेशंट एका भागातून आले आणि रक्तदाते कॉलेजच्या शिबिरातून, तर तुम्हाला सापडलेला 'सेप्सिसचा फरक' प्रत्यक्षात दोन समाजांमधला फरक असू शकतो. सांख्यिकी करेक्शन करता येतं, पण त्यासाठी जीनोमभर पसरलेले मार्कर लागतात. एका एसएनपीच्या अभ्यासात ते नसतात.

जीनोमभर शोध घेणारे अभ्यास, म्हणजे जीवास, यातल्या काही अडचणी सोडवतात. लाखो जागा एकदम तपासायच्या, आणि म्हणून पी व्हॅल्यूची चाळणीही कडक ठेवायची: ०.०५ नाही, तर ५ गुणिले १० चा उणे आठवा घात. २०१५ मध्ये युरोपीय वंशाच्या आयसीयू पेशंटवरचा असा अभ्यास आला. न्यूमोनियामुळे सेप्सिस झालेल्यांमध्ये एफईआर या जनुकातल्या एका फरकाचा जगण्याशी संबंध दिसला. २८ दिवसांत मृत्यूचं प्रमाण सीसी असलेल्यांत ९.५ टक्के, सीटी असलेल्यांत १५.२ आणि टीटी असलेल्यांत २५.३ टक्के. पायरी-पायरीनं चढणारे आकडे बघून छान वाटतं. पण तुलना कुणाची कुणाशी ते बघा. सगळेच पेशंट, सगळ्यांनाच सेप्सिस. त्यातले वाचलेले आणि गेलेले. कंट्रोलचा प्रश्न इथे सुटतो, कारण प्रश्नच नेमका आहे. मात्र 'एफईआरमुळे सेप्सिस होतो' असं यावरून लिहिलंत तर परीक्षक तुमची वाट लावतील.

जाता जाता एक सावधगिरी. ऑक्सफर्डच्या ज्युलियन नाइट यांच्या गटानं २०१६ मध्ये पेशंटच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरून सेप्सिसचे एसआरएस१ आणि एसआरएस२ असे दोन प्रकार दाखवले. पहिल्यात प्रतिकारयंत्रणा दमल्यासारखी असते आणि मृत्यू जास्त होतात. हे जनुकांच्या अभिव्यक्तीवरून काढलेले प्रकार आहेत, डीएनएच्या क्रमावरून नाहीत. अभिव्यक्ती तासातासाला बदलू शकते, वारसा बदलत नाही. सिनॉप्सिसमध्ये या दोन गोष्टी एका वाक्यात कोंबू नका. मी कोंबल्या होत्या.

सगळ्यात नीट विचारलेला प्रश्न मला मिळाला तो केनियात, आणि त्याचं जनुक मात्र आपल्या विदर्भाच्या चांगल्या ओळखीचं निघालं: सिकलसेल. बीटा ग्लोबिनमध्ये एक अक्षर बदलतं. एकाच पालकाकडून आलं तर एएस, म्हणजे वाहक. दोघांकडून आलं तर एसएस, म्हणजे आजार. एसएस मुलांमध्ये प्लीहेचा रक्तपुरवठा पुन्हा पुन्हा अडतो आणि लहानपणीच ती निकामी होत जाते. कवच असलेले जिवाणू, विशेषतः न्यूमोकॉकस, रक्तातून गाळून काढायचं काम प्लीहेचं. ते थांबलं की साध्या तापाचा काही तासांत सेप्सिस होऊ शकतो. केनियातल्या किलिफीमध्ये एसएस मुलांत रक्तातल्या जिवाणू-संसर्गाचा धोका इतर मुलांच्या वीस पटींहून जास्त निघाला.

त्याच किलिफीत एएस मुलांचं काय? त्यांना रक्तातला जिवाणू-संसर्ग इतर मुलांपेक्षा कमी होत होता. एका प्रतीनं रक्षण, दोन प्रतींनी घात. पण एएस रक्तपेशी जिवाणूंना थेट रोखतात म्हणून हे घडतं का? तसं मानायला आधार नव्हता. एएसचा ठाऊक असलेला मोठा फायदा मलेरियापासून संरक्षण हा. मग संशोधकांनी काळाकडे बघितलं. १९९९ नंतर तिथला मलेरिया झपाट्यानं उतरला. त्याच्यासोबत मुलांमधले जिवाणू-संसर्ग उतरले, आणि एएसचं संरक्षणही विरत गेलं. म्हणजे मलेरिया मुलांना जिवाणूंसमोर उघडं पाडत होता, आणि एएस त्या मलेरियाला अडवत होता. २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये हे छापून आलं. एक जनुकीय फरक वापरून त्यांनी एका आजाराचा दुसऱ्यावरचा परिणाम मोजला. 'जनुकामुळे सेप्सिसपासून संरक्षण' हे विधान १९९९ मध्ये खरं होतं आणि काही वर्षांनी, त्याच गावात, तेवढं खरं राहिलं नाही. डीएनए बदलला नव्हता, डास कमी झाले होते.

आणि हे ज्ञान नुसतं पेपरात राहिलेलं नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत एसएस मुलांना रोज दोनदा तोंडावाटे पेनिसिलिन देऊन पाहिलं. न्यूमोकॉकसचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले आणि चाचणी ठरल्यापेक्षा आठ महिने आधीच थांबवावी लागली. जन्मल्यावर लगेच तपासणी करायची याचं एक मोठं कारण त्यातून मिळालं. आपल्याकडे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झाली. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या वाचकांना तपासणीची शिबिरं नवी नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा: भारतातल्या बऱ्याच एसएस रुग्णांमध्ये गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन आफ्रिकी रुग्णांपेक्षा जास्त टिकून राहतं, आणि प्लीहाही अनेकांत उशिरापर्यंत काम करते. तेव्हा किलिफीचा किंवा अमेरिकेचा आकडा उचलून विदर्भाला चिकटवता येत नाही. इथला आकडा इथेच मोजावा लागेल. तुमच्यापैकी कुणी विषय शोधत असाल तर तो हा आहे, आणि तो शंभर सॅम्पलच्या टीएनएफपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचा आहे.

माझा सिनॉप्सिस दुसऱ्या वेळी पास झाला. शीर्षकातून 'कारणीभूत' गेलं. आता माझे पेशंट आणि कंट्रोल दोघेही त्याच वॉर्डातले, दोघांनाही न्यूमोनिया. एका गटाचे अवयव बिघडले, दुसऱ्याचे नाहीत. कागदावर अगदी स्वच्छ. मग तिसऱ्याच आठवड्यात, कंट्रोल म्हणून नोंदवलेले एक काका पाचव्या दिवशी आयसीयूत गेले. आदल्या दिवशी मला 'बाळ, चहा घेतलास का' विचारणारे काका. घरी येऊन मी प्रोटोकॉलमध्ये एक ओळ घातली: पेशंट की कंट्रोल हे भरतीच्या दिवशी ठरवायचं नाही, अठ्ठावीस दिवस झाल्यावर ठरवायचं. तोवर ट्यूबवर फक्त नंबर. काका चौदाव्या दिवशी वॉर्डात परत आले, आणि त्यांची ट्यूब अजून त्या बिननावाच्या रॅकमध्ये आहे.